साइडकारसह विकणे
"पोरीने फटफटी हाकली हे दादरच्या मंडळींना कळलं ना वहिनी, की हेही स्थळ गेलंच म्हणून समज," आत्या स्वयंपाकघरात आईला म्हणाली. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. आईने पातेल्यावर झाकण जोरात ठेवलं.

त्याच आठवड्यात जाहिरात गेली. ती मलाच लिहायला लावली, कारण घरात इंग्रजी माझं चांगलं. 'शर्यतीच्या बांधणीची जुनी मोटरसायकल, साइडकारसह. एकाच सद्गृहस्थाने वापरलेली.' शेवटचे शब्द बाबांनी सांगितले, मी उतरवून घेतले. त्यांचा गुडघा निकामी झाल्यापासून दोन वर्षं मीच ती चालवत होते. पार्ल्याहून अंधेरीला, त्यांच्या ऑफिसापर्यंत. ते साइडकारमध्ये, मांडीवर डबा धरून. लोक वळून बघत. तेव्हा त्यांना लाज वाटत नसे. उलट "जरा पळव गं," म्हणत.

रविवारी मालाडहून एक तरुण गृहस्थ आले. नुसती मोटरसायकल चालवलेले, साइडकार कधीच नाही. बायकोला आणि बाळाला घेऊन फिरायचं होतं, म्हणाले.

"चालवतं कोण?"

"मीच," बाबा म्हणाले. काठी त्यांनी आधीच दाराआड ठेवली होती.

गृहस्थ एकटेच चक्कर मारायला निघाले. साइडकार रिकामी असली की डावीकडे वळताना तिचं चाक उचललं जातं. बाबांना हे ठाऊकच नव्हतं; ते चालवत तेव्हा शेजारी आई असे, आणि नंतर तर तेच आत बसत. मला ठाऊक होतं; त्यांना ऑफिसात सोडून मी रिकामी साइडकार घेऊनच परतत असे. मी दारात गप्प उभी राहिले.

कोपऱ्यावर चाक वीतभर वर गेलं आणि गाडी समोरच्या कुंपणाला घासून थांबली. गृहस्थ परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काही बिघाड आहे का हो हिच्यात?"

"छे! रस्ताच तिरका आहे. मला कधी असा अनुभव नाही." एवढं मात्र ते खरं बोलले. "घ्या तुम्ही बिनधास्त."

गृहस्थ मान डोलवू लागले. आत्या खिडकीत येऊन उभी होती.

"अहो, एकटे असाल तेव्हा आत वाळूचं पोतं ठेवत जा," मी म्हणाले. "बाबांना ते माहीत नाही. गाडी मी चालवते."