वरून येतं, आम्ही खाली सोडतो

टीव्हीच्या टॉवरखाली नोकरी केली की किस्से शोधत फिरावं लागत नाही, लोक आपल्या पायानं आणून देतात. जालन्यात आमचं छोटं सरकारी प्रक्षेपण केंद्र होतं. इंजिनिअर वाघमारे साहेब, वॉचमन गफूरमामा आणि टेक्निशियन म्हणून मी. काम एकच. वरून डिशवर कार्यक्रम येणार, तो टॉवरवरून गावावर सोडायचा. आम्ही स्वतः साधी माशीसुद्धा कधी टीव्हीवर दाखवली नाही. पण हे लोकांना पटवता पटवता रिटायर झालो!

*

बरीच वर्षं एकच चॅनल होतं. बातम्या, शेती, परत बातम्या. मग नव्वदीनंतर सरकारी टीव्हीचं दुसरं चॅनल आमच्याकडं आलं. सिनेमे, मालिका, गाण्याच्या स्पर्धा. गावात नुसता उत्साह!

उद्घाटनाला पुढारी बोलावले. ऐनवेळी फजिती नको म्हणून साहेबांनी मशीन सकाळीच चालू करून ठेवलं. टेबलावरचं लाल बटण नुसतं शोभेचं, त्याला वायरच नव्हती. पुढाऱ्यांनी भाषण ठोकलं, बटण दाबलं, टाळ्या पडल्या, आणि नेमकी आमच्या बाजूची लाईट गेली!

लगेच फोन खणखणला. पलीकडून एक गृहस्थ तावातावानं विचारत होते, "सकाळपासून बराबर चालू होतं. आत्ता कोन्या शहाण्यानं हात लावला?"

साहेबांनी पुढाऱ्यांकडं बघितलं आणि फोन हळूच ठेवून दिला.

*

दुसऱ्या चॅनलचं मशीन लहान. गाव संपलं की चित्रात मुंग्या सुरू. एक दिवस राजूरहून एक शेतकरी आले.

"साहेब, टॉवर जरासा आमच्याकडं वाकडा करा."

साहेब म्हणाले, "काका, ते चारी बाजूंना सारखंच जातं. राजूर लांब पडतं."

"लांब? मुंबई कुठं जवळ हाय? तिथून तर येऊन राह्यलं!"

साहेबांनी चहा सांगितला. दुसरं काय करणार?

*

शेजारच्या गल्लीतल्या एक आजी काठी टेकत आल्या. आदल्या दिवशी मालिकेत सासूनं सुनेला घराबाहेर काढलं होतं.

"रोज रोज त्या लेकराला रडवता. तुमाला काही वाटतं का न्हाई?"

गफूरमामा हात जोडून म्हणाले, "आजी, हमारे हाथ में कुछ नहीं. सगळं वरून येतं."

आजींनी वर आभाळाकडं बघितलं, सुस्कारा सोडला. "मंग त्याच्यापुढं कोनाचं चालतं बाबा!" आणि शांतपणे घरी गेल्या.

*

पुढं एक दिवस वरूनच ठरलं, दुसऱ्या चॅनलवर आता फक्त बातम्या. मालिका बंद, गाणी बंद. आम्हालाही आदल्या दिवशी कळलं, तर लोकांना कोण सांगणार?

सकाळी मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. आवाज एकदम दबका.

"साहेब, सकाळपासून नुसत्या बातम्या चालू हायत. कोन गेलं? दुकान उघडू का बंद ठेवू?"

*

पण ते चॅनल भरात असतानाची एक गोष्ट सांगतो.

टेंभुर्णीचे किसनराव आणि त्यांची बायको एका संध्याकाळी केंद्रावर आले. त्यांच्या मुलीनं, सुनंदानं, आपल्या पसंतीनं लग्न केलं होतं आणि ती मुंबईला गेली होती. "पुन्हा तिचं तोंड बघनार न्हाई," अशी किसनरावांनी भर चावडीत शपथ घेतलेली. त्या दिवशी सुनंदा दुसऱ्या चॅनलवर गाणार होती आणि टेंभुर्णीला ते चॅनल दिसत नव्हतं.

"मी बियान्याला आल्तो," किसनराव न विचारता म्हणाले. "ही म्हनली, जाता जाता बघू. हिला बघू द्या."

बाई आमच्या टीव्हीसमोर बसल्या. किसनरावांनी खुर्ची उलटी फिरवली आणि टीव्हीकडं पाठ करून, दाराबाहेरच्या टॉवरकडं बघत बसले.

कार्यक्रम सुरू झाला. सुनंदा आली.

"बारीक झाली," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

"तिथं खायला न्हाई का?" किसनराव टॉवरला म्हणाले.

"गळ्यात माझीच पोत हाय."

सुनंदा गायला लागली. आवाज असा मोकळा, की गफूरमामा गेट सोडून आत येऊन उभे राहिले. किसनरावांची मान हळूहळू खाली गेली.

आमचा सेट जुना. तापला आणि मधेच चित्र गेलं. पडदा काळा, गाणं मात्र चालूच. बाई कासावीस झाल्या. मी उठणार, तेवढ्यात खुर्ची करकरली. किसनराव वळले होते. काळ्या पडद्यासमोर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ते अगदी सरळ बसले. बाईंनी नवऱ्याकडं बघितलं आणि मला हातानंच थांबवलं.

तिसऱ्या कडव्याला चित्र आपोआप आलं. अख्ख्या पडद्यावर सुनंदाचा चेहरा!

शपथेचं गफूरमामांना बाईंनी गेटवरच सांगितलं होतं. ते घाईघाईनं बटण बंद करायला धावले.

"ओ मामा," किसनराव ओरडले, "हात लावू नका त्याला!"