आभाळाला लागलेलं जाळं

महाराजांच्या राज्यातली गोष्ट. मी लग्न होऊन हुपरीहून कोल्हापुरात आले आणि महिन्याच्या आत माझ्यावर आळ आला, की मला घर झाडता येत नाही.

आळ घेणारे माझे मामंजी, म्हणजे सासरे. चांदीचे पैंजण घडवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पैंजण रिठ्याच्या पाण्यात धुऊन उजेडाकडे धरले, की ओरडायचे, "पुन्ना जाळं! सून झाडती का नुसती केरसुणी फिरवती?" आणि हवेतच हात मारायचे. मी वर बघायची. छत लख्ख.

खरी कमाल घरच्यांची. मामंजींना 'नाही' म्हणायची आमच्याकडे रीतच नव्हती. "दिसतंय न्हवं?" असं त्यांनी विचारलं, की सासूबाई मान डोलवायच्या, "व्हय, केवढं थोरलं!" आमचे हे तर त्यांच्याही पुढे; कोळी केवढा होता तेसुद्धा सांगायचे. मी खोलीत विचारलं, "तुमास्नी खरंच दिसलं?" तर म्हणाले, "न्हाय. पर आबास्नी दिसलं न्हवं? मग असंलच." असल्या माणसाशी मला संसार करायचा होता.

मामंजींना सरळ सांगायचीही सोय नव्हती. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. फारच अडलं, तर मांजराला सांगायचं. मी पदर पुढे ओढून म्हणायची, "मने, सकाळपास्नं चारदा झाडलंय गं." मामंजीही मनीलाच दटावायचे, "मने, मग पाचव्यांदा झाड म्हणावं." मनी दोघांकडे बघून बघून कंटाळायची आणि उठून जायची.

एक दिवस फर्मान सुटलं. "मने, हिला म्हायेरी न्हेऊन सोडायची. झाडाय शिकली की मग बघू." धड झाडता येत नाही म्हणून परत धाडलेली मुलगी हुपरीत कुणाला तोंड दाखवणार? माझ्यामागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या. खूप रडले, आणि रागही तेवढाच आला.

सकाळी बैलगाडी निघाली. पुढे कासरा धरून हे, मागे मामंजी आणि कोपऱ्यात बोचकं कवटाळून मी. गाव मागे पडलं, उघडा माळ लागला. आसपास साधं झुडूपही नव्हतं. मामंजींनी मान वर केली आणि सपकन हात मारला.

"आयला, हितंबी जाळं!"

आमचे हे मागे वळूनही न बघता म्हणाले, "व्हय आबा, लई मोठं हाय."

माझा संयम सुटला. मांजर तर घरी राहिलेलं. मग मी बैलालाच सांगितलं, तेही ओरडून. "बैलोबा, इचार की रं! आभाळाला आढं न्हाय, वासा न्हाय, कोळ्यानं जाळं बांधलं कशाला? आन् आता हितं कुणी झाडायचं, मीच?"

ह्यांनी दचकून कासरा ओढला. मामंजी वर बघत राहिले. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. मान इकडून तिकडे हलवली, तसं जाळंही त्यांच्याबरोबर हललं असणार. शेवटी म्हणाले, "बैलोबा, गाडी फिरीव. डाक्टरकडं चल." गाडीबरोबर मीही परत आले. माहेरी धाडायची गोष्ट तिथंच मिटली.

डॉक्टरांनी दिवा आणि आरसा घेऊन तपासलं. जाळं डोळ्याच्या आतच होतं. वडिलांना असं काही होतं का, असं त्यांनी विचारलं. मामंजी म्हणाले, "त्येबी सारखं हात हालवायचं. आमी म्हणायचो, माश्या हाकलत्यात." मग म्हणाले, "शेवटाला कुणाला वळखत नव्हतं." डॉक्टरांकडे औषध नव्हतं.

दुखण्याचं नाव कळायला माझे केस पिकले. नातू डॉक्टर झाला, त्यानं सांगितलं, की अमायलॉइड नावाचा एक चिवट पदार्थ काही घराण्यांत डोळ्याच्या आतल्या पारदर्शक गरात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचत जातो. मामंजींना, म्हणजे त्याच्या पणजोबांना, बहुधा तेच झालं असावं. म्हणजे केर होताच, फक्त माझ्या केरसुणीला पोचण्यासारखा नव्हता.

पुढे मामंजींना दिसायचंही कमी झालं आणि आठवायचंही. चांदी सुटली, माणसं विसरली. सुनेशी न बोलायची रीत तेवढी पक्की राहिली. एकदा मी त्यांच्यासमोर झाडत होते. त्यांनी मनीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "मने, ही पोर कुणाची गं?"

मी खाली मान घालून झाडत राहिले.

"काम झ्याक करती. हिला कुणी म्हायेरी धाडाय निघालं, तर धाडू नगा म्हणावं."

मी केरसुणी खाली ठेवली, रीत मोडली आणि सरळ त्यांनाच म्हणाले, "मामंजी, म्या कुटं जात न्हाय."

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावरचं जाळं त्यांनी हातानं हळूच झाडलं.