वाचलेली भिकी

बदलापुरात कात्रपला एका किराणा दुकानाच्या वर आमची संगती, म्हणजे प्रार्थनासभा, भरते. रविवारी सकाळी दहाला चाळीस-पन्नास माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकी आणि मधेच शिट्टी मारणारा माईक. आपण आधी काय होतो आणि प्रभूने आपल्याला कशातून बाहेर काढलं, हे सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. मी तीन पिढ्यांची ख्रिस्ती, वर निवृत्त शिक्षिका, त्यामुळे मला कोणी साक्षीला उठवत नाही. माझी पापं सुखात झाकलेली आहेत. भिकीच्या नशिबी ते सुख नव्हतं.

भिकी बारवीकडच्या वाडीवरची ठाकरीण. ती आणि तिचा नवरा सुकऱ्या जंगलात भट्टी लावून गावठी दारू गाळायचे. सुकऱ्या विकायचा कमी आणि प्यायचा जास्त. एक दिवस तो तिच्याच हातची पिऊन मेला. तेव्हा रविना, त्यांची मुलगी, चार वर्षांची होती. भिकीने उरलेली दारू ओढ्यात ओतली आणि पोरीला कडेवर घेऊन बदलापूर गाठलं. इथे कोणीतरी तिला आमच्या प्रार्थनेला आणलं, वर्षभराने तिचा बाप्तिस्मा झाला. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्सच्या कारखान्यात ती शिवलेल्या पॅन्टींचे लोंबणारे धागे कापते. तिथला सिंधी शेठ तिला ‘धागेवाली’ म्हणतो. आम्ही तिला ताई म्हणायचो, पण आमच्यापेक्षा त्या शेठनेच तिला बरं नाव दिलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कारण तिची साक्ष आम्हाला फार आवडायची. बायका पदराने डोळे पुसायच्या. आमचे पास्टर संदीप मनाने सरळ माणूस, पण पाहुणे आले की माईक हमखास भिकीकडे जायचा. ‘भिकीताई, तुम्ही कशा वाचलात ते सांगा.’ ती निमूट उठायची आणि सांगायची. मी तरी काय कमी? ‘ओढ्यात ओतलीस ते राहिलं,’ असं खालून आठवण करून द्यायचे. कल्याणचे पाहुणे, पुण्याचे पाहुणे, एकदा तर थेट केरळचे. पाहुणे आले की सुकऱ्या पुन्हा मरायचा.

आणि आईशेजारच्या खुर्चीवर बसून रविना ते ऐकायची. अकरावीला ती अंबरनाथच्या कॉलेजात गेली. एका रविवारी तिच्या वर्गातली एक मुलगी आपल्या आईबरोबर प्रार्थनेला आली, आणि सोमवारपर्यंत सगळ्या वर्गाला रविनाचा बाप कसा मेला ते माहीत झालं. त्या दिवसापासून रविनाने यायचं बंद केलं. शेजारची खुर्ची भिकी पिशवी ठेवून अडवायची, कोणी विचारलं तर ‘येईल’ म्हणायची. सहा महिने पिशवीच बसली तिथे.

मग एका संध्याकाळी भिकी माझ्या दारात उभी राहिली.

‘बाई, मना वाचाया शिकवा.’

‘आता गं कशाला?’ मी विचारलं. माझं हे असंच, तोंड आधी चालतं.

‘पोरगी बोलली, आई, बारा वर्सं झाली तरी तू तिथं दारूवालीच हायेस. खोटं नाय ना बोलली ती.’ भिकी उंबऱ्यावर बसली. ‘देवानं मना सोडवली, त्यो इसरला पन आसंल. तुमी लोक इसरू देत नाय. मना येकदा तिच्यापुढं कायतरी दुसरं व्हायचं हाय, बाई.’

मला लाज वाटली. मी पाटी काढली.

कामावरून सुटली की ती यायची. जीन्सच्या निळ्या रंगाने माखलेली बोटं अक्षरांवरून फिरायची. साधी अक्षरं तीन महिन्यांत आली. जोडाक्षरांनी मात्र तिला रडवलं आणि मला चिडवलं. वाचण्यासाठी तिने बायबलमधलं एक वचन निवडलं होतं. देव म्हणतो, तुझं मागचं मी मनात ठेवत नाही, अशा अर्थाचं. चार ओळींचं ते वचन. शेवटी शेवटी तर तिला ते इतकं पाठ झालं की मी पुस्तक मिटलं तरी ती न थांबता म्हणायची. एकच शब्द डोळ्यांपुढे आला की तिची जीभ अडायची.

मग एका रविवारी नाशिकचे पाहुणे होते. भिकीने विनवणी करून रविनाला आणलं होतं, पण पोरगी आत आली नाही. दाराबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर मोबाइल घेऊन बसली.

‘आमच्या भिकीताई,’ पास्टरांनी पाहुण्यांना ओळख करून दिली, ‘कशा वाचल्या ते त्या स्वतः सांगतील.’

भिकी उठली. माईक हातात घेतला.

‘कशी वाचली ते लय येळा सांगितलं. आज मना वाचू द्या.’

दोन-चार जण हसले. त्यांना वाटलं, बाईची बोलण्यात गफलत झाली. पास्टरही क्षणभर गोंधळले. मग त्यांना तिच्या हातातलं उघडं पुस्तक दिसलं आणि ते बाजूला झाले.

ती एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत तो शब्द आला आणि ती थांबली. ‘सम... सम...’ माईकने शिट्टी मारली. मी सांगायला तोंड उघडलं होतं.

‘स्मरणार नाही,’ दारातून आवाज आला.

रविना उभी होती. घरी रोज रात्री ऐकून तिलाही ते पाठ झालं असणार.

‘स्मरणार नाही,’ भिकी म्हणाली. पुढची ओळ तिला झोपेतसुद्धा आली असती, ते मला पक्कं माहीत होतं. तरी तिने पानावर बोट ठेवलं आणि मान वर न करता विचारलं, ‘आन हितं काय लिवलंय गं?’

दारातून पान दिसत नव्हतं. रविनाने चपला काढल्या आणि ती आत आली.