भिंतींचा कर्णा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळी इमारत भोंगेराव म्हणायची. तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नसे. आधी ते एका चित्रपटगृहात आवाजाची यंत्रं सांभाळत. ते पाडलं गेल्यावर त्यांनी घरीच काम सुरू केलं. जुन्या सभागृहांतले कर्णे आणायचे आणि घरात ऐकण्याजोगे करून द्यायचे.

"शेवटच्या रांगेसाठी केलेला आवाज आहे हा," ते म्हणायचे. "घरात शेवटची रांग म्हणजे ती खुर्ची. ओरडायला काय, कुणीही ओरडेल. याला हळू बोलायला शिकवायचं, तिथे कस लागतो."

पत्र्याचे पोचे ते लाकडी हातोडीने काढत. पत्रा झणझणू नये म्हणून बाहेरून लोकरीचा जाड नमदा डकवत. मग एकच गाणं पुन्हापुन्हा लावून कान देऊन बसत. कर्ण्याला करवत मात्र लावत नसत. खोलीत मावत नाही म्हणून जरा कापून द्या, असं म्हणणाऱ्या एका डॉक्टरांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. "पाय मोठा आहे म्हणून बोटं कापता का हो तुम्ही?" असं वर विचारलंही.

त्यांचा स्वतःचा कर्णा त्या पाडलेल्या चित्रपटगृहातला होता. लाकडी, आडवा, कपाटाहून मोठा. सुटे भाग जिन्यावरून चढवून त्यांनी तो पुढच्या खोलीत, खिडकीपाशी जोडला होता. वहिनी त्याला सवत म्हणायच्या. "सवत बसलीय उजेडात आणि मी बसलेय चुलीपाशी," असं मला चहा देताना हटकून ऐकवायच्या. रोज त्याच्यावरची धूळ पुसायच्या त्याच.

मग वहिनींना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं म्हणतात, ते आमच्या डोळ्यांदेखत आलं. घरी सोडण्याआधी दवाखान्यातल्या सिस्टरने भोंगेरावांना सांगितलं, "पेशंटची खाट जिथे बसेल, त्या जागेचं माप घेऊन या." दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठी दिली. सिस्टर बघतच राहिली. एवढी रुंद खाट कुठे असते? सवयीने त्यांनी कर्णाच मोजून आणला होता.

त्यांच्या मुलीला त्याचं हसू आलं नाही. ती परगावी असते. जिन्यात मला म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा त्यांना. आतल्या खोलीत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. तिथे आई पडून राहणार आणि खिडकीत तो भोंगा? रविवारी गाडी घेऊन येते. तोवर जागा झाली नाही, तर आईला मी माझ्याकडे नेणार."

मी सांगितलं, म्हणजे सांगितल्यासारखं केलं. भोंगेराव म्हणाले, "विकतोच. ठरलंय माझं." संध्याकाळी आम्ही दोघे दवाखान्यात गेलो. त्यांनी वहिनींनाही तेच सांगितलं. वहिनींनी नको अशी मान हलवली. शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागत होता.

"विकू नका," त्या म्हणाल्या. "मग दिवसभर... माझ्याकडेच बघत बसाल."

भोंगेराव हसले आणि लगेच उठून बाहेर व्हरांड्यात गेले.

वहिनी घरी आल्या, पण आतल्या खोलीत. शनिवारी वर गेलो तर भोंगेराव खडूने कर्ण्यावर रेघ मारत होते. मला बघून म्हणाले, "कर्ण्याचं काम काय? आवाजाला हळूहळू रुंद होऊ द्यायचं. पुढचा भाग कापला आणि हा कोपऱ्यात दाबून बसवला, तर दोन्ही बाजूच्या भिंती पुढचं रुंद करतील. भिंतींना कान असतात ना? आता तोंडही असेल."

"आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर लाकूड आहे," ते म्हणाले. "लाकडासाठी तिला घराबाहेर पाठवू?"

रविवारी मुलगी आली तेव्हा एक बाजू कापून झाली होती. दुसरी कापताना फळी हलत होती. मला ती धरवेना, माझे खांदे कामातून गेलेले. मुलगी दारात क्षणभर उभी राहिली. मग ओढणी कमरेला खोचून तिने फळी दाबून धरली. "बाबा, वाकडी जातेय करवत."

"शिकवू नकोस मला."

"मग सरळ कापा ना!"

भुसा केसांत घेऊन बापलेक भांडत होते. आतून वहिनींचा आवाज आला. शब्द कळला नाही, पण त्या हसत असाव्यात.

कर्णा कोपऱ्यात गेला. खिडकीखाली खाट आली आणि खाटेवर वहिनी. भोंगेरावांनी त्यांच्या आवडीच्या गायिकेची तबकडी लावली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माझा कान काही तयार नाही, पण खालचे सूर थोडे पातळ झाले होते, हे मलाही कळलं. त्यांना तर पहिल्या सुरालाच कळलं असणार. त्यांचे खांदे उतरले. हात बटणाकडे गेला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. डोळे मिटलेले होते. "ती... श्वास घेते."

"कोण?"

"गाणारी. ओळीच्या आधी. इतकी वर्षं... स्वयंपाकघरातून... नव्हता कळला."

भोंगेराव खाटेच्या कडेला टेकले. मुलगी दाराशी, आईचे कपडे नेण्यासाठी आणलेली रिकामी बॅग हातात घेऊन उभी होती. वहिनींनी डाव्या हाताने वर बोट दाखवलं. पंख्याच्या घरघरीत पुढचा श्वास हरवत होता.

मुलीने पंखा बंद केला. आम्ही चौघे उकाड्यात बसून राहिलो. तबकडीची बाजू संपल्यावर मुलगी उठली आणि आईच्या कपाळाचा घाम पुसून म्हणाली, "पुढच्या रविवारी इथेच भेटायला येते गं. फार उकडतंय, तुझी जाड चादर काढून ठेवते, ती धुवायला टाका बाबा."