फळीवर बसवलेली नदी

खालच्या मजल्यावरच्या मिस्त्रीकाकांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं, बढाई सुटली नाही. "मी बसवलेली फरशी उखडायला जाल, तर हातात तुकडेच येतील," हे आमच्या इमारतीत प्रत्येकाने दोनदा तरी ऐकलेलं.

काकूंना विसर पडायला लागला तेव्हा लेकीने एक खेळ पाठवला. जाड पुठ्ठ्याचे चौकोन, त्यांवर कुठे नदीचं वळण, कुठे नुसता माळ. दोघांनी आळीपाळीने कापडी पिशवीतून एकेक काढायचा, जुळवून लावायचा आणि पिशवी रिकामी व्हायच्या आत नदी डोंगरापासून समुद्राला न्यायची. पोचली तर दोघंही जिंकले, नाहीतर दोघंही हरले.

"नवऱ्याला हरवता येत नाही, तो कसला खेळ?" काकू पहिल्या दिवशी म्हणाल्या. तेव्हा त्या अजून टोमणे मारत.

पुढे लेकीचं नाव गेलं. मग स्वयंपाकघर कुठल्या बाजूला, ते गेलं. काकांनाही त्या "तुम्ही कुणाकडे आलात?" असं विचारू लागल्या. फक्त चार वाजता पिशवीत हात घातला की नवरा त्यांना सापडायचा. "अहो, सांधा चुकतोय तुमचा," म्हणायच्या. दिवसातला तेवढाच तास काकांचा. मी चहा घेऊन गेले की ते मला हातानेच दारात थांबवत.

नदी मात्र महिनोन्‌महिने पोचलीच नाही. एका मंगळवारी पोचली. शेवटचा चौकोन काकूंनी लावला, काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "झालं की हो. आता हातपाय धुऊन घ्या." काका काम संपवून घरी आल्यावर म्हणायच्या, अगदी तसं.

काकांना काय करू नि काय नको झालं. काकू जरा आडव्या झाल्या तशी त्यांनी माळ्यावरून थापी काढली. एका फळीवर फरशीचा चिकटमाल पसरला, सगळे चौकोन जसेच्या तसे बसवले, सांधे भरले, रबरी हातोडीने हलके ठोकले. रोज समोर दिसलं की तिला आठवेल, एवढाच हिशेब.

दुसऱ्या दिवशी चारला काकूंनी फळीवरून बोट फिरवलं. "छान बसवलीय. कुणाच्या घरची?" मग सवयीने पिशवीत हात घातला, कोपरे चाचपले. "यात काही नाही हो," म्हणाल्या आणि समोर कोण बसलंय ते न बघताच उठून गेल्या.

काकांनी छिन्नी घेतली. पहिला चौकोन निघाला तो नुसता नदीचा वरचा पापुद्रा. पुठ्ठा खालीच चिकटून राहिला. दुसऱ्याचं तेच.

"काका, राहू द्या. दुसरा मागवू," मी म्हटलं.

"तुकडेच येणार," ते म्हणाले. "मी बसवलीय."

नवा खेळ यायला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत चार वाजले तरी काकूंचा हात काही शोधेनासा झाला. काकांनी भरलेली पिशवी पुढे केली, तर त्यांनी ती न उघडताच परत दिली. "तुमचं सामान ना? घेऊन जा. घरी वाट बघत असतील."

आता काका दोघांचेही चौकोन एकटेच लावतात. परवा मी विचारलं, पोचते का नदी?

"पोचते की, रोज," ते म्हणाले. "तिच्या हातून अडायची."