मोज्यातली सरकी

आज सकाळी अमरावतीत ऑफिसला निघताना पॅकर शोधत होतो, तर कपाटात हाती जुना मोजा लागला. नाकाशी धरला. अजून कापसाचा वास येतो.

पॅकर म्हणजे पँटच्या आत ठेवायचा पुरुषी उंचवटा. मुलगी म्हणून वाढवलेले माझ्यासारखे काही पुरुष तो वापरतात. माझा पहिला पॅकर हा मोजाच. अकोल्याला मावसभावाचं लग्न होतं आणि मी पहिल्यांदाच पँट-शर्टात जाणार होतो. तेल्हाऱ्याच्या घरी समोरच्या खोलीत कापूस पार छताला टेकला होता. त्यातलाच मूठभर मी मोज्यात कोंबला. घालू की नको, असा घोळ घालत उभा होतो, तेवढ्यात आई आत आली.

तिनं मोजा घेतला, दाबून पाहिला. आता ही रडेल नाहीतर ओरडेल, म्हणून मी भिंतीला चिकटलो. ती खाली बसली, कापूस मांडीवर काढला आणि त्यातली एकेक सरकी वेचू लागली. मग मोजा पुन्हा भरला, तोंड शिवलं, माझ्या हातात दिला.

"घालाचं का नाई, ते तू पाय," ती म्हणाली. "पन सरकी त काढाची होती. टोचन ना रे!"

बावीस वर्षं तिच्या तोंडी मी, पोरीला म्हणतात तसं, 'काय वं' होतो. लग्नात मोजा शेवटपर्यंत खिशातच राहिला. त्या दिवशी माझं त्या एका 'रे'वर भागलं.