दारातल्या चपला

ओमानमधल्या सलालाला लोबान घ्यायला गेलो की मी इम्रान नबींच्या मजारीवर जातो. ते येशूच्या आईचे, मरियमचे वडील, म्हणून केरळचे ख्रिस्तीही तिथं येतात. मुसलमान फातेहा वाचतात, मी हात जोडतो. दारात चपला सांभाळणारा रत्नागिरीचा म्हातारा प्रत्येकाची चप्पल उचलतो आणि तिचं तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवतो. आत कोण काय म्हणतो, याच्याशी त्याला घेणं नाही.

कबर दोन बस मावतील एवढी लांब आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हणालो, "चाचा, एवढा उंच माणूस? निम्म्यावर या."

"शेट, इथं घासाघीस नाय. खलास." तो हसलासुद्धा नाही.

माझ्या जुन्या भागीदारालाही तो ओळखतो. इब्रा गावातलं दुकान आम्ही दोघांनी उभं केलं, आणि मला न विचारता त्यानं समोरच स्वतःचं थाटलं. तीन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. त्याचं ते वागणं मला आजही पटलेलं नाही.

मागच्या खेपेला मजारीतून बाहेर आलो, तर माझे बूट भागीदाराच्या चपलांना चिकटून ठेवलेले, आणि तो स्वतः तिथंच उभा.

मी भडकलो. "चाचा, दुसरी जागा नव्हती?"

"गर्दी होती, शेट."

अख्खी मांडणी रिकामी होती. एका पायावर उभा राहून बूट चढवताना माझा तोल गेला, तेव्हा भागीदारानं माझं कोपर धरलं. मी ते सोडवून घेतलं नाही.